नळी परभणीची, मोजणी ट्रॉम्बेची

किरणोत्साराचा मारा झालेल्या माणसाच्या अंगावर बॅज नसेल, किंवा बॅजवर भरवसा ठेवता येत नसेल, तर त्याच्या शरीराने किती मात्रा घेतली याचा शोध रक्तात घ्यावा लागतो. रक्तातून दोन गोष्टी कळतात. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट किती झपाट्याने कमी होत आहेत ही पहिली, आणि शिल्लक लिम्फोसाइटमधली गुणसूत्रे कशी तुटली आणि कशी चुकीची जुळली ही दुसरी. पहिली तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये तासाभरात होते. दुसरीला खास प्रयोगशाळा आणि किमान तीन-चार दिवस लागतात. महाराष्ट्रात ते काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे ट्रॉम्बेला होते. तपासणी कोणतीही असो, मारा कधी झाला, रक्त कधी काढले आणि पेशी किती तास वाढवल्या या तीन वेळा माहीत नसतील तर हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

परभणी जिल्ह्यात अणुभट्टी नाही, आणि किरणोत्सार म्हटले की इथे आधी शेती आठवते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या लातूर केंद्राने भाभा केंद्राबरोबर काढलेले टीएलजी-४५ हे भुईमुगाचे वाण उत्परिवर्तित वाणांच्या वंशावळीतले आहे. कोरडे बी शेकडो ग्रे मात्रा सोसून उगवते. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला मोड येऊ नये म्हणून ६० ते ९० ग्रे मात्रा देतात. माणसाला मात्र सर्वांगावर एकदम ४ ग्रेच्या आसपास मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. बियाण्यात जी मोडतोड मुद्दाम घडवून आणली जाते, तीच माणसाच्या रक्तात शोधणे हे या तपासणीचे काम.

जिल्ह्यातली खरी किरणोत्साराची ठिकाणे साधीच आहेत. सिव्हिल हॉस्पिटल, जिंतूर-गंगाखेड-सेलूकडची सरकारी रुग्णालये आणि खासगी दवाखाने यांतली एक्स-रे यंत्रे, हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे सी-आर्म, सीटी स्कॅन, आणि कधी बॉयलरचे किंवा नळवाहिनीचे जोड तपासायला इरिडियम-१९२ चा कॅमेरा घेऊन येणारी बाहेरची माणसे. या यादीतल्या इरिडियमच्या कॅमेऱ्यातूनच जिवावर बेतणारा अपघात होऊ शकतो. एक्स-रे यंत्र बंद केले की किरण थांबतात, इरिडियमचे थांबत नाहीत. पण ट्रॉम्बेकडे जाणारी प्रकरणे धोक्याच्या या क्रमाने येत नाहीत. बहुतेक वेळा सुरुवात एका बॅजपासून होते.

हा टीएलडी बॅज दिसायला ओळखपत्रासारखा. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, त्यात डिस्प्रोशियमचा अंश मिसळलेला. एका चकतीवर तांबे-अॅल्युमिनियमची गाळणी, दुसरीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. किरण पडले की चकती ऊर्जा धरून ठेवते आणि नंतर तापवल्यावर प्रकाशरूपाने सोडते. तीन चकत्यांच्या प्रकाशाच्या प्रमाणावरून किरण कोणत्या जातीचे होते याचा अंदाज येतो. रुग्णालयांचे बॅज साधारण तीन महिन्यांनी वाचनाला जातात. अणुऊर्जा नियामक परिषदेने कामगाराला कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. एखाद्या बॅजचे वाचन एकदम १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे गेले की चौकशी लागते, आणि गुणसूत्र तपासणीही सुचवली जाते.

चौकशीत बहुधा तीन गोष्टींपैकी एक निघते. बॅज शिशाच्या ॲप्रनच्या आत लावायचा असतो, तो बाहेर लावलेला असतो. किंवा बॅज लावलेला ॲप्रन एक्स-रे खोलीतच खुंटीला टांगून तंत्रज्ञ जेवायला गेलेला असतो आणि दुपारभर दुसऱ्याने काढलेल्या प्रत्येक फिल्मचे विखुरलेले किरण बॅजने घेतलेले असतात. किंवा बॅज रुग्णाच्या टेबलावरच, थेट किरणांच्या वाटेत राहून गेलेला असतो. चकती किरण मोजते, ते कोणाच्या अंगावर पडले हे तिला कळत नाही. तंत्रज्ञ म्हणतो, ‘मी त्या खोलीत नव्हतोच’, आणि त्याच्या सांगण्यावर विसंबून कागद बंद करता येत नाही. त्याचे काम थांबलेले असते, घरात काळजी शिरलेली असते, आणि एखाद्या जाणत्या नातेवाइकाने कर्करोगाचा विषय काढलेलाच असतो. अशा वेळी तंत्रज्ञाचे रक्त साक्षीला बोलावले जाते. ही तपासणी जगात गाजली ती मोठ्या अपघातांमुळे, पण तिची रोजची कमाई अशा शंकास्पद बॅजांच्या निवाड्यातून आहे.

खऱ्या अपघाताची वाट वेगळी असते, आणि तिथे ट्रॉम्बेच्या आधी गावातली लॅब उपयोगी पडते. लिम्फोसाइट ही शरीरातल्या सर्वांत नाजूक पेशींपैकी एक. ती विभाजित होत नसतानाही किरणांनी मरते आणि काही तासांत रक्तातून नाहीशी होऊ लागते. मात्रा जितकी मोठी, तितकी घसरण वेगवान. म्हणून पहिले रक्त लगेच काढतात, मग पहिले दोन दिवस दर सहा ते बारा तासांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची गणना, करतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात घनमिलिमीटरला साधारण १००० ते ४००० लिम्फोसाइट असतात. अठ्ठेचाळीस तासांनंतरही आकडा १५०० च्या वर टिकून असेल तर मोठी मात्रा बसलेली नाही असे समजायला हरकत नाही. तो ५०० च्या खाली आला असेल तर रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवण्याची तयारी करावी लागते. १०० च्याही खाली गेलेला माणूस वाचणे कठीण असते. एकटा आकडा फसवू शकतो. सहा तासांपूर्वी तो किती होता, हे शेजारी लिहिलेले असेल तेव्हाच तो बोलतो.

इथे गावपातळीवरच्या लॅबचा एक पाठ उपयोगाचा. सीबीसीच्या कागदावर लिम्फोसाइट बहुधा टक्क्यांत छापून येतात, आणि टक्के दिशाभूल करतात. मारा झाल्यावर, किंवा नुसत्या घाबरण्यानेही, न्यूट्रोफिल पेशी वाढतात. एकूण पांढऱ्या पेशी १४,००० झाल्या आणि लिम्फोसाइट १२ टक्के आले की वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होते. गुणाकार केला तर ते १६८० निघतात, म्हणजे बिनघोर. उलटही घडते. एकूण ४००० पैकी २० टक्के हा आकडा साधा वाटतो, पण तो ८०० असतो. कागदावर टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष संख्या आणि रक्त काढल्याची वेळ लिहून ठेवायला अर्धे मिनिट लागते.

दुसरी अडचण औषधाची. उलट्या होत असलेला माणूस दवाखान्यात आला की त्याला डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देऊन टाकण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. हे स्टेरॉइड चार-सहा तासांत रक्तातले लिम्फोसाइट कमी करते. मग पुढची सीबीसी किरणांची घसरण दाखवते की इंजेक्शनची, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिले रक्त इंजेक्शनच्या आधी काढणे, आणि ते जमले नाही तर इंजेक्शनचे नाव व वेळ लिहून ठेवणे, एवढी शिस्त पुरते. उलटी केव्हा झाली हेही मोलाचे. माऱ्यानंतर तासाभराच्या आत उलट्या सुरू झाल्या तर मात्रा ४ ग्रेच्या पुढची असण्याची शक्यता असते, दोन तासांनंतर झाल्या तर १-२ ग्रेच्या आसपासची. पण भीतीनेही उलटी होते, आणि उन्हाळ्यात परभणीत ती लागलेल्या उन्हानेही होते. उलटीवरून केलेल्या अंदाजाला म्हणूनच सीबीसीची जोड लागते.

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात. तीत हेपॅरिन असते. सीबीसीची जांभळ्या झाकणाची नळी इथे चालत नाही, कारण तिच्यातले ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकते आणि पेशी वाढवण्याच्या कामात अडथळा आणते. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, हिसडायची नाही. ती बर्फावर ठेवायची नाही आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच नाही. पेशी जिवंत पोहोचायला हव्यात, म्हणून तापमान १८ ते २४ अंशांच्या आसपास हवे. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर असताना हे नुसत्या थर्मोकोलच्या पेटीने साधत नाही. आधी गार करून, मग खोलीच्या तापमानाला आणलेल्या जेलच्या पिशव्या पेटीत चारी बाजूंनी लावाव्या लागतात. नळी त्यांना थेट टेकू द्यायची नाही. पेटी विमानाने जाणार असेल तर ‘एक्स-रेमधून काढू नये’ असे ठळक लिहावे लागते.

अंतर साधारण पाचशे किलोमीटर. परभणी जंक्शनवरून मुंबईची रात्रीची गाडी धरली तर सकाळी रक्त मुंबईत पोहोचते आणि चोवीस तासांच्या आत पेशी वाढायला लावता येतात. अठ्ठेचाळीस तासांनंतर जिवंत पेशींचे प्रमाण घटत जाते. घाई पाठवण्यात असते, काढण्यात नाही. अपघात होऊन काही दिवस लोटले म्हणून ही तपासणी वाया जात नाही, त्याचे कारण पुढे येईल.

ट्रॉम्बेला पोहोचलेल्या रक्ताचे पुढे काय होते ते समजायला थोडे मागे जावे लागते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे १९५६ साली त्जियो आणि लेवान यांनी नक्की केले. १९६० साली पीटर नोवेल यांना आढळले की राजम्याच्या जातीच्या घेवड्यातून मिळणारे फायटोहिमॅग्लुटिनिन हे द्रव्य घातले की रक्तातल्या झोपलेल्या लिम्फोसाइट जाग्या होऊन विभाजित होऊ लागतात. त्याच वर्षी मूरहेड आणि सहकाऱ्यांनी रक्तातून गुणसूत्रे पाहण्याची पद्धत बसवली. अमेरिकेत बेंडर आणि गूच यांनी १९६२ साली तिचा उपयोग किरणोत्साराची मात्रा मोजायला केला. रक्त ही शरीरातली सहज काढता येणारी, सर्वत्र फिरणारी आणि मारा बसताना विभाजित न होणारी ऊतक असल्याने ती मोजपट्टी म्हणून योग्य ठरली.

किरण पेशीतून गेले की डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटू शकतात. पेशी ती तुटलेली टोके जोडते, पण जवळपास दुसरे तुटलेले टोक असेल तर जोडणी चुकते. दोन वेगळ्या गुणसूत्रांची सेंट्रोमिअर (गुणसूत्राची चिमटलेली कंबर) असलेली अंगे एकमेकांना चिकटली की दोन सेंट्रोमिअरचे एक गुणसूत्र तयार होते, त्याला डायसेंट्रिक म्हणतात. उरलेली दोन टोके मिळून एक तुकडा होतो, त्याला सेंट्रोमिअरच नसते. किरणांची ही खूण चांगली ओळखू येते, कारण इतर कारणांनी डायसेंट्रिक फारसे होत नाही. कर्करोगावरच्या ब्लिओमायसिनसारख्या औषधांनी मात्र होते, म्हणून नमुन्याबरोबर पूर्वीच्या उपचारांची माहिती मागतात.

प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी ३७ अंशांवर ठेवून अठ्ठेचाळीस तास वाढवतात. आकडा अठ्ठेचाळीस असण्यामागे कारण आहे. तेवढ्या वेळात बहुतेक लिम्फोसाइट पहिल्यांदाच विभाजनात येतात. दुसऱ्या विभाजनात गेलेल्या पेशींतली निम्म्याच्या आसपास डायसेंट्रिक गळून पडतात आणि मोजणी कमी येते. हे टाळायला काही प्रयोगशाळा वाढीच्या द्रावणात ब्रोमोडिऑक्सियुरिडिन घालतात, त्याने दुसऱ्या विभाजनातल्या पेशी रंगावरून वेगळ्या ओळखता येतात. शेवटच्या दोन-तीन तासांत कोल्सेमिड घालून विभाजन मध्यावर अडवतात. मग पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवतात, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या तीनास-एक मिश्रणात टिकवतात, काचेवर थेंब सोडतात आणि गिम्साने रंगवतात. ज्यांच्या हाताखाली पेशी व्यवस्थित पसरतात ती माणसे प्रयोगशाळेत ठरलेली असतात. त्या दिवशीची हवेतली आर्द्रता, काच ओली की कोरडी, थेंब किती उंचीवरून पडला, असल्या गोष्टींवर गुणसूत्रे नीट पसरतील की एकमेकांवर चढतील हे ठरते. पुस्तकातून हे शिकता येत नाही.

यानंतरचे काम संयमाचे. काचांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, म्हणजे मोजणाऱ्याला ती बॅजवाल्या तंत्रज्ञाची आहे की तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाची, हे कळत नाही. नव्याने आलेल्याला सर्वांत आधी एकमेकांवर चढलेली दोन साधी गुणसूत्रे डायसेंट्रिक वाटतात. अनुभवी नजर त्याचा पडताळा तुकड्यावरून घेते. खऱ्या डायसेंट्रिकबरोबर सेंट्रोमिअर नसलेला तुकडा त्याच पेशीत असायला हवा, आणि सगळी मिळून संख्या ४६ भरली पाहिजे. तुकडा नसेल तर ती पेशी दुसऱ्या विभाजनातली असल्याचा संशय घेतात. अशा रीतीने एका माणसाच्या ५०० पेशी किंवा १०० डायसेंट्रिक, यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत मोजायचे असा नियम आहे. एका सरावलेल्या माणसाला यात दोन-तीन दिवस जातात. विभाजनाच्या मध्यावरच्या पेशी संगणकाने शोधून देणारी यंत्रे आता आली आहेत, तरी अंतिम खातरजमा डोळ्यानेच होते.

मोजणीतून मात्रा काढायला प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःची तुलनारेषा लागते. निरोगी माणसांचे रक्त काढून नळीतच कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची माहीत असलेली मात्रा देतात आणि प्रत्येक मात्रेला किती डायसेंट्रिक आले ते नोंदतात. रेषा सरळ येत नाही, वर चढत जाते, कारण मात्रा वाढली की दोन स्वतंत्र किरणांनी केलेल्या दोन तुटी जुळण्याची शक्यता वर्गाने वाढते. नमुन्यादाखल आकडे असे: किरण न लागलेल्या माणसात हजार पेशींत साधारण एक डायसेंट्रिक, १ ग्रेला शंभर पेशींत आठ-दहा, २ ग्रेला शंभरात तीसच्या आसपास, ४ ग्रेला सरासरी पेशीमागे एक. दुसऱ्याची रेषा उसनी घेऊन चालत नाही. दोन प्रयोगशाळांची मोजण्याची सवय वेगळी असते आणि तो फरक सरळ मात्रेत उतरतो.

आता बॅजचा निवाडा. बॅज २०० मिलिसिव्हर्ट दाखवतो असे धरले आणि ती मात्रा खरोखरच तंत्रज्ञाच्या सर्वांगावर बसली असेल, तर ५०० पेशींत चार-पाच डायसेंट्रिक अपेक्षित आहेत. नसेल, तर जेमतेम अर्धे, म्हणजे शून्य किंवा एखादे. शून्य आले तर बॅज एकटाच खोलीत होता असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. पण बॅज १०० मिलिसिव्हर्ट दाखवत असेल तर अपेक्षित संख्या सुमारे दोन येते आणि ५०० पेशींत शून्य मिळण्याची शक्यता दहात एक उरते. एक हजार पेशी मोजल्या तर ती शंभरात एक होते. थोडक्यात, जिथे चौकशी सुरू होते त्या पातळीजवळच तपासणीची ताकद संपत येते, आणि तिथे खात्री हवी असेल तर पेशी दुपटीने मोजाव्या लागतात. १०० मिलिग्रेच्या (एक्स-रेसाठी हा आकडा मिलिसिव्हर्टइतकाच धरतात) खाली ही पद्धत साधारणपणे काही सांगू शकत नाही. ‘तपासणी निर्दोष’ असा अहवाल तंत्रज्ञाच्या घरी पेढे वाटण्याइतका आनंद देतो, पण त्याचा अर्थ ‘किरण लागलेच नाहीत’ असा होत नाही. ‘या पद्धतीला दिसण्याइतके लागले नाहीत’ एवढाच होतो. अहवालात म्हणूनच एका आकड्यापेक्षा ९५ टक्के खात्रीची खालची आणि वरची हद्द महत्त्वाची, आणि मागणाऱ्याला नेमका हाच भाग नको असतो. त्याला हो किंवा नाही हवे असते.

याशिवाय तीन महिने थोडी-थोडी मिळालेली मात्रा आणि एका क्षणी मिळालेली तितकीच मात्रा सारखे डायसेंट्रिक देत नाहीत. किरणे सावकाश आली तर पेशी पहिली तूट दुरुस्त करून मोकळी झालेली असते आणि दुसऱ्या तुटीशी ती जुळत नाही. तेव्हा रेषेतला वर्गाचा भाग कमी करावा लागतो. मारा किती वेळ चालला हे माहीत असल्याशिवाय ही दुरुस्ती करता येत नाही, म्हणून चौकशीच्या कागदावर ‘कधीपासून कधीपर्यंत’ हा रकाना रिकामा असू नये.

मारा अंगाच्या एकाच भागावर झाला असेल तर प्रश्न वेगळा होतो. किरण लागलेल्या पेशी न लागलेल्या पेशींत मिसळून जातात आणि सरासरी मात्रा फसवी येते. सर्वांगावर सारखा मारा झाला तर डायसेंट्रिक पेशींमध्ये यादृच्छिकपणे विखुरलेली असतात. एकाच पेशीत तीन-तीन चार-चार आणि बाकीच्या बऱ्याच पेशी स्वच्छ असे दिसले तर मारा अंगाच्या काही भागावरच झाला हे ओळखून त्या भागाची मात्रा आणि टक्केवारी काढता येते. याची हद्द पेरूमधल्या यानांगो येथे १९९९ च्या फेब्रुवारीत दिसली. तिथे एका वेल्डरने जमिनीवर पडलेली इरिडियमची पेन्सिल उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि तिच्यासह काही तास काम केले. शेवटी त्याचा पाय कापावा लागला. अशा ठिकाणी सर्वांगाची मात्रा सांगणारे रक्त मांडीच्या त्वचेत झालेला नाश सांगत नाही, त्यासाठी जखमेच्या कडांकडे आणि लाल पडलेल्या त्वचेकडे दिवसागणिक पाहावे लागते. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या कामावर हाच प्रसंग उद्या येऊ शकतो. जमिनीवर पडलेला चकचकीत धातूचा तुकडा खिशात टाकण्याचा मोह कोणत्याही देशात सारखाच असतो.

जगात वारंवार उद्धृत होणाऱ्या एका प्रकरणात डायसेंट्रिक मोजण्याची हीच पद्धत शंभरावर लोकांच्या मागणीला पुरून उरली. ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ च्या सप्टेंबरमध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातले सिझियम-१३७ असलेले उपचारयंत्र भंगारात गेले आणि चमकणारी पूड घरोघरी पोहोचली. सुमारे एक लाख बारा हजार लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य सापडले, चौघे मृत्युमुखी पडले. त्यांतल्या ११० जणांच्या रक्तातली गुणसूत्रे पाहिली, तर २१ जणांची मात्रा १ ग्रेहून जास्त आणि आठ जणांची ४ ग्रेहून जास्त निघाली. ७ ग्रेच्या आसपास मात्रा घेतलेला भंगारदुकानदार वाचला, त्याच्या घरातली कमी मात्रेची माणसे दगावली. त्याचे स्पष्टीकरण असे दिले गेले की तो घराबाहेर जात-येत असे, म्हणून त्याला मात्रा तुकड्या-तुकड्याने मिळाली. आधी सांगितलेला वेळेचा हिशेब इथे जीव वाचवण्यापर्यंत पोहोचलेला दिसतो.

भारतात २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीत अशीच घटना घडली. दिल्ली विद्यापीठाने १९६८ साली घेतलेले आणि १९८५ पासून न वापरलेले कोबाल्ट-६० चे गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून गेले आणि दुकानात फोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण रुग्णालयात होते. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिची पातळी ४ ठरवण्यात आली. फारच मोठी मात्रा बसली असेल तर मात्र डायसेंट्रिक मोजण्याची पद्धतही हात टेकते. जपानच्या तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी तीन कामगारांना मारा बसला, त्यांतल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यांच्या रक्तात विभाजनापर्यंत पोहोचणाऱ्या पेशीच मिळेनात. तेव्हा विभाजनाची वाट न पाहता गुणसूत्रे आधीच घट्ट करून पाहण्याची पद्धत वापरावी लागली.

मोठ्या संख्येने लोक असतील तर ५०० पेशी कोणाच्याच मोजून होत नाहीत. अशा वेळी प्रत्येकाच्या ५० पेशी किंवा ३० डायसेंट्रिक पाहून १-२ ग्रेच्या वरचे लोक वेगळे काढतात आणि उरलेल्यांना नंतर नीट मोजतात. दोन विभाजित पेशी एकत्र राखून त्यांतले छोटे केंद्रक मोजण्याची सूक्ष्मकेंद्रक पद्धत वेगवान आहे, पण वय वाढते तशी ती नैसर्गिकपणेच जास्त आकडे दाखवते आणि स्त्रियांमध्ये पुरुषांहून अधिक. माऱ्यानंतर काही तासांतच डीएनएच्या तुटक्या जागी जमणारी प्रथिने मोजणारी गॅमा-एच-टू-एएक्स तपासणी त्याहून जलद आहे, पण तिची खूण दिवसभरात पुसट होते.

डायसेंट्रिक मात्र टिकते, म्हणून मघाशी म्हटले की काही दिवसांचा उशीर फारसे नुकसान करत नाही. पण ती कायमची नसते. जुन्या लिम्फोसाइट मरून नव्या येतात तसे तिचे प्रमाण उतरते, निम्मे व्हायला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कितीही काळ लागू शकतो. पाच-दहा वर्षांपूर्वीच्या मात्रेचा शोध घ्यायचा असेल तर रंगीत प्रोब वापरून स्थानांतरे मोजतात. त्यात गुणसूत्रांचे तुकडे बदलतात पण दोन सेंट्रोमिअर होत नाहीत, त्यामुळे अशा पेशी विभाजनात टिकतात. वयाबरोबर स्थानांतरे आपोआप वाढत असल्याने तिथे वयानुसार वजावट करावी लागते.

तंत्रज्ञ अहवाल हाती पडल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो कर्करोगाचा. त्याचे उत्तर या अहवालात नसते. डायसेंट्रिक ही मात्रेची मोजणी आहे, आजाराचे निदान नाही, आणि डायसेंट्रिक असलेल्या पेशी बहुतेक स्वतःच नष्ट होतात. केरळच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर, जिथे नैसर्गिक किरणोत्सारच जास्त आहे, भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दहा हजारांहून अधिक नवजात बालकांच्या लिम्फोसाइट तपासल्या. शेजारच्या साध्या किनाऱ्यावरच्या बालकांपेक्षा त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. १०० मिलिसिव्हर्टच्या बॅजबद्दल बोलताना हे उदाहरण तंत्रज्ञाला सांगितले पाहिजे, आणि बॅज कुठे अडकवायचा हेही त्याच बैठकीत दाखवून दिले पाहिजे. काचा आणि टिकवलेल्या पेशींची कुपी प्रयोगशाळा जपून ठेवते. पुढे दुसऱ्या कोणी आक्षेप घेतला तर उणे वीस अंशांवर ठेवलेल्या त्या कुपीतून नव्या काचा बनवून पुन्हा मोजता येते.